ट्रॅक्टर डांबरीवर येतो तेव्हा



कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर रात्री अकराच्या सुमारास कधी उभे राहिला आहात का? पंचतारांकित म्हटले की परगावच्या पाहुण्याला वाटते, इथे एखादे भले मोठे हॉटेल असेल. आमच्या भागातली माणसे मात्र 'फाइव्ह स्टारला कामाला आहे' असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर असतात कापडाच्या गिरण्या, इंजिनांचा कारखाना आणि पाळीचा भोंगा. रात्री अकराला दुसरी पाळी सुटते. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी, पट्टणकोडोली, थेट कोगनोळीपर्यंतची पोरे मोटारसायकलींवरून घराकडे निघतात. दिवसभर उभ्याने काम केलेले असते, पोटात भूक असते, आणि रस्ता तर कसा, रुंद आणि सरळ. हात आपोआप पीळ देतो.

नेमक्या याच वेळी, याच रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. एका अंगाला कागलचा शाहू साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला हुपरी-यळगूडचा जवाहर, पलीकडे बिद्री आणि हमिदवाडा. हंगामात रात्र आणि दिवस असा फरक राहत नाही. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यात मिळून पंधरा-वीस टन ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर गाण्यांचा कर्णा. वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर. मागे दिवा असला तर असला.

मी व्यवसायाने वकील. मोटार अपघातांचे दावे हे माझे रोजचे काम. पण आज बोलतो आहे तो शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस म्हणून, कारण या विषयाने आमच्याच घरात एकदा पाऊल ठेवले होते. ते सांगेनच. आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

आमचे थोरले चुलते, आण्णा, मला नेहमी म्हणत, "अरे, टॅक्टर म्हंजे लोखंडाचा बैल. बैलाला कुणी लायसन मागतंय व्हय?" शेतात असेपर्यंत आण्णांचे म्हणणे बरोबरच होते. नांगरट, रोटर, सरी सोडणे, यात कायदा फारसा आड येत नाही. पण बांधावरून उतरून तोच बैल डांबरीवर आला, की तो मोटार वाहन होतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा ट्रॅक्टरची व्याख्या मोठ्या गमतीने करतो. ट्रॅक्टर म्हणजे काय, तर जे वाहन स्वतः कोणताही भार वाहून नेण्यासाठी बांधलेले नाही ते. म्हणजे कायद्याच्या नजरेत ट्रॅक्टर हा फक्त ओढणारा. भार कुणाचा, तर ट्रॉलीचा. आणि ट्रॉलीला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, बहुतेकदा स्वतःचे ब्रेकसुद्धा नाहीत, तरीही कायदा तिला 'मोटार वाहन' याच शब्दात धरतो. तिची नोंदणी वेगळी, तिचा क्रमांक वेगळा, आणि जो ट्रॅक्टर तिला ओढतो त्याचाही क्रमांक तिच्यावर दिसला पाहिजे. आपल्याकडे किती ट्रॉल्यांवर असे दोन क्रमांक दिसतात? आपल्याकडे दिसते ते 'आई-वडिलांचा आशीर्वाद', आणि गावातल्या वर्कशॉपवाल्याचा फोन नंबर.

ही दोन वाहने आहेत हे लक्षात न घेतल्यामुळे निम्मे दावे अडकतात. विमा काढायला गेलेला शेतकरी ट्रॅक्टरचा विमा काढतो, कारण बँकेने कर्ज देताना ती अट घातलेली असते. ट्रॉलीला कर्ज नसते, म्हणून ट्रॉलीला विमाही नसतो. ट्रॉलीसाठी जादा भरायची रक्कम किरकोळ असते हो. पण कुणी सांगतच नाही.

दुसरी गोष्ट, वापराची. शेतीचा ट्रॅक्टर हे मालवाहू वाहन धरले जात नाही. म्हणूनच त्याला करात सवलत मिळते, परमिट लागत नाही, दरवर्षी तपासणीला न्यावे लागत नाही. शेतकऱ्याला दिलेली ही सूट आहे आणि ती योग्यच आहे. पण सूट ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती ती असते. मालवाहू वाहनाच्या व्याख्येत एक छोटासा भाग आहे. एखादे वाहन मालवाहतुकीसाठी बांधलेले नसले, तरी ते त्या कामासाठी वापरले जात असेल, तर वापरापुरते ते मालवाहू धरायचे. म्हणजे वाहनाचा रंग आणि कागद काहीही सांगोत, त्या दिवशी त्यात काय भरले होते आणि कुणासाठी, हे विचारले जाते. स्वतःच्या रानातला ऊस, शेणखत, कडबा, यात वाद नाही. पण वीट, वाळू, मुरूम, कारखान्याच्या बॉयलरला लागणारा भुसा, असे भाड्याने आणायला गेलात, की विम्याच्या कागदावरचे 'फक्त शेतीकामासाठी' हे शब्द जिवंत होतात. दुसऱ्यांचा ऊस कराराने ओढणाऱ्यांच्या बाबतीतही इथेच हरकत घेतली जाते.

आता घरातली गोष्ट.

काही वर्षांपूर्वीची. मार्च संपत आला होता, कारखान्यांचे पट्टे पडले होते. माझ्या धाकट्या चुलतभावाचा ट्रॅक्टर दारात उभा. हप्ता मात्र उभा राहत नाही. वसाहतीत कुठल्या तरी नव्या शेडच्या कंपाऊंडचे काम चालू होते, तिथे भट्टीवरून विटा टाकायचे भाडे त्याला मिळाले. दिवसा ऊन, म्हणून तो संध्याकाळनंतर खेपा करायचा. एका खेपेला ट्रॉलीचा एक्सेल तुटला. ट्रॉली वाकडी होऊन रस्त्याच्या डाव्या बाजूला, निम्मी डांबरीवर अशी बसली. त्याने आपल्याकडे सगळे करतात तेच केले. मागे चार दगड मांडले, बाभळीची एक फांदी टाकली, ट्रॅक्टर सोडवला आणि मिस्त्री आणायला गेला. वाजले होते साडेदहा.

अकराला पाळी सुटली.

त्या मुलाचे नाव मी सांगणार नाही. शेजारच्याच गावचा होता. समोरून एका मोठ्या गाडीचा प्रखर दिवा आला असावा. ताशी साठच्या वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. डिपरच्या उजेडात साधारण चाळीसेक मीटर दिसते म्हणून धरा. म्हणजे बिनदिव्याची, मातकट रंगाची ट्रॉली दिसल्यापासून त्याला दोन-अडीच सेकंद मिळाले असतील. त्यातला एक सेकंद माणसाला समजायलाच जातो. भाऊ मिस्त्रीला घेऊन परत आला तेव्हा रस्त्यावर माणसे जमलेली होती. त्याला आधी वाटले, आपली ट्रॉली ओढायला लोक आलेत.

मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ अगदी या प्रसंगासाठीच लिहिल्यासारखे आहे. धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन सार्वजनिक जागी उभे ठेवायचे नाही, आणि त्यात 'ट्रेलर' हा शब्द वेगळा घातलेला आहे. कायदा करणाऱ्याने ट्रॅक्टर सोडवून नेलेली ट्रॉली डोळ्यांसमोर आणली होती. इथे काहीजण मला विचारतात, वसाहतीतला रस्ता सार्वजनिक कसा? लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, मग तो वाहता रस्ता असो वा नसो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८८ मध्येच या शब्दाचा अर्थ बराच रुंद केला. खासगी आवारात लोकांना परवानगीने जाता येत असेल तरी ते आवार त्यात येऊ शकते. तेव्हा कारखान्याच्या यार्डात विमा लागत नाही, या भ्रमात राहू नये.

दावा उभा राहिला. मी दोघांचाही वकील होऊ शकत नव्हतो. चुलतभाऊ एका बाकावर, त्या मुलाची बायको समोरच्या बाकावर, आणि मी मागे, कोट न घालता. विमा कंपनीने तीन मुद्दे मांडले. ट्रॉलीचा विमा नाही. ट्रॅक्टर शेतीसाठी, भरल्या होत्या विटा. आणि ट्रॅक्टर तर जागेवर नव्हताच. तिन्ही मुद्दे कागदावर खरे होते. अशा ठिकाणी न्यायालये अनेकदा एक मधला मार्ग काढतात. कंपनीने पीडिताला आधी पैसे द्यावेत आणि मग ते वाहनमालकाकडून वसूल करावेत. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ब्रिजमोहन यांच्या खटल्यात हेच केले होते. तिथेही शेतीचा विमा असलेला ट्रॅक्टर वीटभट्टीसाठी माती नेत होता. कंपनी जबाबदार नाही असे म्हणूनही जखमी मजुराला पैसे मिळावेत म्हणून न्यायालयाने तो आदेश दिला. आमच्या बाबतीत तसेच झाले. मुलाच्या वेगालाही थोडा दोष दिला गेला. पण तेवढ्याने रक्कम काय कमी होणार?

ही रक्कम कशी काढतात हे शेतकऱ्यांना माहीत नसते, म्हणून उदाहरण देतो. हे आकडे त्या घरचे नाहीत. समजा, २८ वर्षांचा कायम कामगार, पगार महिना १८ हजार. घरात बायको, दोन मुले, आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी या खटल्यांत जी रीत घालून दिली, तिच्याप्रमाणे पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात निम्मी भर घालायची. झाले २७ हजार. वर्षाचे ३ लाख २४ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की राहिले २ लाख ४३ हजार. त्या वयाला गुणक १७. गुणाकार करा. ४१ लाख ३१ हजार रुपये. वर अंत्यविधी वगैरेचे किरकोळ आणि व्याज. मुलाचा निम्मा दोष धरला तरी वीस लाखांच्या वरच. ट्रॅक्टर विकून हे पैसे उभे राहत नाहीत. उभे राहते ते रान विकून. आण्णांनी विहिरीजवळचा तुकडा काढला. पोरांनी त्या रानात जाणे सोडून दिले, पण ऊस अजून तिथे लागतो, दुसऱ्याचा.

आणि ज्या बाईला पैसे मिळाले तिचे तरी काय? आमच्याविरुद्ध तिच्या मनात राग असेल तर तो योग्यच आहे. मी तिच्याजवळ जाऊन बोलायचे धाडस केले नाही. आजही वाटते, करायला हवे होते.

फौजदारी बाजू वेगळी. पूर्वी हयगयीने मृत्यूला कारण झाल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे.

आता थोडे बरे ऐका, कारण कायदा सगळीकडे काठी घेऊन उभा नाही. लायसनचा प्रश्न बराच सुटला आहे. साधे हलक्या वाहनाचे, म्हणजे एलएमव्हीचे लायसन ट्रॅक्टरला चालते, कारण साडेसात हजार किलोच्या आतला ट्रॅक्टर हलक्या वाहनांतच मोडतो. मागे ट्रॉली जोडली म्हणून ते लायसन बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी यांच्या खटल्यात २००१ मध्येच सांगितले. हलक्या मालवाहू गाडीला वेगळा परवाना लागतो का, हा वाद पुढे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तोही चालकांच्या बाजूने निकाली निघाला. अपिलासाठी मुंबईची वारीही आता वाचली. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते.

पण लायसन मुळात असायला हवे ना! आपल्याकडे सातवी-आठवीतला पोरगा ट्रॅक्टर हाणायला लागला की बाप चारचौघांत कौतुकाने सांगतो. शेतात ठीक आहे, तेही मी फार ठीक म्हणणार नाही. रस्त्यावर मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याला पालक आणि मालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. 'मला माहीत नव्हते' हे बापाने सिद्ध करायचे आहे, आणि चारचौघांत कौतुक केलेल्या बापाला ते जड जाते.

मडगार्डवर बसणाऱ्यांबद्दलही बोललेच पाहिजे. ट्रॅक्टरला कागदोपत्री आसन एक. तो ड्रायव्हरचा. डाव्या-उजव्या मडगार्डवर जे दोघे बसतात, गाणी बदलतात, पडले तर विम्याच्या हिशेबात कुठेच नसतात. उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवर झोपलेला तोडणी मजूर, वऱ्हाडाने भरलेली ट्रॉली, पट्टणकोडोलीच्या यात्रेला भंडारा उधळत निघालेली पन्नास माणसे, सगळ्यांची गत तीच. बीडकडून आलेली तोडणीवाली माणसे तर दुसऱ्याच्या मुलखात, मुकादमाची उचल अंगावर घेऊन फिरतात. रात्री फडावरून फडावर जायला त्यांना त्या ट्रॉलीशिवाय दुसरे काही दिलेले नसते. त्यांना 'बेकायदा प्रवासी' म्हणताना माझी जीभ अडखळते. कायद्याने तसेच म्हणावे लागते.

दिव्यांकडे येतो. मागे लाल दिवा आणि लाल परावर्तक, ज्याला सगळे रिफ्लेक्टर म्हणतात, तो हवा हे नियमात आहेच. दरवर्षी हंगामाच्या तोंडाला कारखान्यावर रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात, आणि पहिल्याच खेपेला उसाचा पाला मागे लोंबून रिफ्लेक्टर झाकला जातो. दुसरा शत्रू चिखल. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केन हार्कनेस नावाच्या शेती-अभियंत्याने याच प्रश्नावर काम केले होते. संथ चालणारे वाहन मागच्याला नुसते दिसून भागत नाही, ते संथ आहे हे दुरून कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यातून चकाकत्या नारिंगी रंगाचा, लाल काठाचा त्रिकोण जन्मला. आज जगात अनेक देशांत ट्रॅक्टरच्या पाठीवर तो असतो. तो दिसला की मागच्याने ओळखायचे, हा ट्रॅक्टर आहे, पाय आवर. आमच्या भावाचे चार दगड आणि बाभळीची फांदी हीसुद्धा खूणच होती. पण ती दिवसाची खूण, रात्री तिला अर्थ नाही. शिवाय ट्रॉली दुरुस्त होऊन गेली तरी ते दगड रस्त्यावरच राहतात, दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत.

हे कुणी बघायचे? विचारायला गेलो तर कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार ट्रॅक्टरमालकाकडे, मालक ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हर मुकादमाकडे. पोलीस आणि आरटीओ रात्रभर प्रत्येक वळणावर उभे राहू शकत नाहीत. मला स्वतःला एक जागा सुचते, ती म्हणजे काटा. साखर कारखान्याचा वजनकाटा असो की वसाहतीतल्या कारखान्याचे गेट, प्रत्येक ट्रॉली तिथे थांबतेच, आणि वजनाची पावती घेतल्याशिवाय कुणी हलत नाही. भरून आलेल्या ट्रॉलीचा मागचा दिवा पेटत नसेल आणि क्रमांक दिसत नसेल, तर पुढच्या खेपेचा नंबर लावू नये. एवढेच केले तरी पंधरा दिवसांत सगळ्या ट्रॉल्यांना दिवे येतील. नंबर चुकणे म्हणजे काय, हे उसावाल्याला दंडाच्या पावतीपेक्षा लवकर कळते. मी हे एक-दोन ठिकाणी बोललो. 'बघू' म्हणाले.

ट्रॅक्टर विकल्यावर भाऊ आता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. गेल्या हंगामात लक्ष्मी टेकडीकडून वसाहतीच्या रस्त्याने रात्री घरी येत होतो. कडेला, डांबरीच्या पूर्ण खाली, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या दिसल्या. मागचा दिवा लुकलुकत होता. गाडी थांबवली तर हाच खाली उतरलेला, हातात कोयता, आणि मागच्या ट्रॉलीचा लोंबता पाला छाटत होता.

"काय रे, बिघडलंय काय?" मी विचारले.

"नाही दादा. दिवा झाकत होता," तो म्हणाला, आणि उरलेला पाला ओढून काढू लागला.